थर्मामीटर कुठे ठेवलाय?

परळला टाटा मेमोरियल या कर्करोगाच्या हॉस्पिटलच्या आसपासच्या फुटपाथवर दुपारी बारा-साडेबाराला डबे उघडायला लागतात. कुणी वर्तमानपत्र पसरून बसलेलं, कुणी बंद दुकानाच्या पायरीवर टेकलेलं. अशाच एका पायरीवर तिशीतला एक मुलगा आईपुढे स्टीलचा डबा उघडून बसला होता. लसणाच्या फोडणीची मेथी, ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी. भाकरी अजून मऊ होती, म्हणजे घरात कुणीतरी पहाटे उठून थापलेली. झाकण निघाल्याबरोबर आईनं मान फिरवली. "आई, एक घास तरी घे. तुला आवडते म्हणून सांगून करून घेतलीय." तिनं घास घेतला, गालात धरून ठेवला, आणि तो पाण्याची बाटली आणायला उठला तसा हळूच पदराच्या टोकात काढून घेतला. तो आला तेव्हा म्हणाली, "छान झालीय रे भाजी."

यात चुकलं कुणाचं ते ठरवता येत नाही, म्हणूनच ते डोक्यातून जात नाही. आपल्याकडे आजारी माणसाला कसं वाटतंय हे नंतर विचारतात, आधी काय खाल्लं ते विचारतात. भेटायला येणारा रिकाम्या हातानं येत नाही. आणि किमो, म्हणजे कर्करोगावरची औषधं, नेमकी तिथेच घाव घालते. वाढणारा हात तोच, आवडीचा पदार्थ तोच, पण वासानंच पोट ढवळून येतं. घरच्यांना वाटतं, हिनं जगण्यातला रस सोडला. तिला वाटतं, एवढं केलं आणि मला एक घास गिळवत नाही. दोघंही एकमेकांशी खोटं बोलायला लागतात, आणि किमोच्या काळात सगळ्यात महाग पडतं ते हे खोटं. कारण पुढच्या किमोपर्यंतचे तीन आठवडे घरच्यांनी खरी माहिती गोळा करायची असते. उलट्या किती, ताप किती, तोंड कुठवर आलंय, शौचाला कधी झालं. "बरी आहे" हे उत्तर डॉक्टरांच्या काही कामाचं नसतं.

थोडं आतलं समजून घेतलं तर निम्मी चिडचिड कमी होते. किमोची बरीचशी औषधं भराभर विभागणाऱ्या पेशींना गाठतात. कर्करोगाच्या पेशी तशा असतात. पण तोंडाच्या आणि आतड्याच्या आतलं अस्तर, केसांची मुळं आणि हाडांच्या मगजात तयार होणारं रक्त यांचंही काम तसंच अखंड चालू असतं. त्यामुळे तोंड येणं, जुलाब, केस जाणं आणि 'काउंट खाली येणं' (रक्तातल्या पेशींची संख्या घटणं) ही चार वेगळी संकटं नाहीत, एकाच गोष्टीच्या चार बाजू आहेत. जिभेवरच्या चवीच्या पेशी साधारण दहा-बारा दिवसांनी नव्या होतात. त्या मरतात तेव्हा पाणीसुद्धा धातूसारखं लागतं आणि गोड नुसतं चिकट लागतं. उलटीची गोष्ट निराळी. तिचा हुकूम मेंदूतून सुटतो. म्हणून रिकाम्या पोटीही उलटी होते, आणि "काही खाल्लंच नाहीस तर उलटी कशाची?" या प्रश्नाला अर्थ नसतो.

उलटीची गोळी उलटी झाल्यावर घ्यायची नसते. इतकं एक वाक्य फ्रिजवर चिकटवून ठेवावं. डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फामाइडची जोडी, ज्याला वॉर्डात सगळे 'लाल औषध' म्हणतात, किंवा सिस्प्लॅटिन दिलं की पहिल्या चोवीस तासांत एक लाट येते आणि दुसरी दुसऱ्या दिवसापासून पाचव्या दिवसापर्यंत रेंगाळते. पहिल्या लाटेला हॉस्पिटलातलं इंजेक्शन पुरतं. दुसरी घरी येते, तेव्हा नर्स नसते, आणि माणसं म्हणतात, "आज बरं वाटतंय, गोळ्या कशाला उगाच." तिथेच घोळ होतो. अॅप्रेपिटंटच्या कॅप्सूल पहिल्या दिवशी 125 मिलिग्रॅम आणि पुढचे दोन दिवस 80-80 अशा ठरलेल्या असतात. बरं वाटतंय म्हणून शेवटची उरवायची नसते. डेक्सामेथासोन सकाळी, खाल्ल्यावर. रात्री घेतलं तर झोप उडते. ओलॅन्झापिन मात्र रात्रीच, कारण त्यानं गुंगी येते. ही गुंगी एवढी असायची की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माणूस उठत नसे; टाटा मेमोरियलमध्येच झालेल्या आणि 2024 साली 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त आलेल्या चाचणीत 10 ऐवजी 2.5 मिलिग्रॅमचा डोसही उलटी थांबवायला कमी पडत नाही आणि गुंगी कमी येते असं दिसलं. चिठ्ठीवर 10 लिहिलेलं असेल आणि आजी दिवसभर पेंगत असतील, तर पुढच्या भेटीत विचारायला हरकत नाही. स्वतः गोळीचा तुकडा करू नये.

ऑनडॅनसेट्रॉनचं एक लबाड काम असतं. मळमळ थांबवतं आणि पोट बांधून ठेवतं. तिसऱ्या दिवशी पोट घट्ट, त्यामुळे पुन्हा मळमळ, म्हणून आणखी एक गोळी, म्हणून पोट आणखी घट्ट. घरच्यांना वाटतं, खात नाही म्हणून होत नाही. पहिल्या दिवसापासूनच पोट साफ होण्याचं सिरप डॉक्टरांकडून लिहून घ्यावं. इसबगोल द्यायचं तर मोठा पेला भरून पाणी पोटात जात असेल तरच. कमी पाण्यात ते आतच गोळा होऊन बसतं. आणि काउंट खाली असताना एनिमा किंवा गुदद्वारातून कोणतीही गोळी घरच्या घरी कधीच नाही. तिथे साधा ओरखडा पडला तरी जंतूंना रक्तात शिरायला वाट मिळते.

लाल औषधाच्या दिवशी लघवी लाल होते. एक-दोन दिवस. ते रक्त नाही, औषधाचा रंग आहे. हे आधी सांगितलेलं नसलं की रात्री दोन वाजता अख्खं घर जागं होतं.

आता जेवणाचं. माझं ठाम मत आहे की किमोच्या दिवशी आणि पुढचे दोन-तीन दिवस माणसाच्या आवडीचा पदार्थ त्याला अजिबात देऊ नये. ऐकायला निष्ठुर वाटतं. पण मळमळीच्या काळात जे खाल्लं जातं, त्याच्याशी मेंदू ती मळमळ बांधून टाकतो आणि मग महिनोन् महिने, कधी कधी वर्षानुवर्षे, तो पदार्थ समोर आला तरी नको होतो. पुरणपोळी, सुरमई, साजूक तुपातला शिरा हे सगळं या दिवसांपासून लपवून ठेवायचं. या दिवसांत बळी द्यायचा तो ज्याच्यावर विशेष जीव नाही अशा पदार्थाचा. टोस्ट, साधी मारी बिस्किटं, मुरमुरे, मऊ भात. वास हा खरा शत्रू असल्यामुळे गरम जेवणापेक्षा निवलेलं जेवण बरं जातं. वाफ नाही, म्हणून वासही कमी. पण निवलेलं म्हणजे सकाळपासून ओट्यावर पडलेलं नव्हे. ताजं करून, झाकून, खाण्याजोगं होईपर्यंतच. फोडणी करायची तर आजारी माणूस दुसऱ्या खोलीत, दार लावून, खिडकी उघडी. चाळीत किंवा वन आर-के मध्ये दुसरी खोली नसते, तिथे शेजारीण म्हणते, "फोडणीचं माझ्याकडे करून ने." अशा शेजारणीला खरं म्हणजे त्या तीन आठवड्यांचं निम्मं श्रेय द्यायला हवं. धातूची चव येत असेल तर स्टीलचा चमचा बदलून लाकडी किंवा प्लॅस्टिकचा घ्यावा. तोंड आलेलं नसेल तर आमसुलाचं सार, लिंबाचं लोणचं जिभेला लावण्यापुरतं, आवळा सुपारी, आल्याचा तुकडा यांनी तोंडातला कडवटपणा मोडतो.

आणि वरणाचं पाणी! आजाऱ्याला वरणाचं वरचं पाणी देण्याची आपल्याकडे एवढी परंपरा आहे की त्याविरुद्ध बोलायचं म्हणजे धर्म बुडवल्यासारखं वाटतं. पण त्या पाण्यात मीठ, हळद आणि समाधान यापलीकडे फारसं काही नसतं. प्रथिनं खाली बसलेल्या डाळीत असतात. पन्नास किलोच्या बाईला या काळात दिवसाला 50 ते 75 ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अंड्यात सहाच्या आसपास, कपभर दुधात तेवढीच. म्हणजे हिशोब जमवणं सोपं नाही, आणि वरणाच्या पाण्यावर तर मुळीच नाही. घट्ट वरण, मुगाचं धिरडं, दुधातलं नाचणीचं सत्त्व आणि त्यात दोन चमचे दुधाची पावडर, पूर्ण उकडलेलं अंडं (हाफ फ्राय नाही), पनीर, सातूचं पीठ. ताटभर नाही. दर दोन तासांनी अर्धी वाटी. ताट दिसलं की माणूस घाबरतो, वाटी दिसली तर कदाचित घेतो. आणि नाही घेतली, तर वाटी उचलून न्यायची, काही न बोलता. पहिले चार दिवस पाणी पोटात जातंय आणि लघवी होतेय एवढं पुरे आहे. विशेषतः सायक्लोफॉस्फामाइड मूत्राशयाला झोंबतं, म्हणून डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलं नसेल तर दिवसाला दोन-अडीच लिटर. घास पाचव्या-सहाव्या दिवसानंतर मोजू.

भेटायला येणारे काय घेऊन येतात हा स्वतंत्र विषय आहे. गव्हांकुरांचा रस, पपईच्या पानांचा रस, गुळवेलीचा काढा, कुणाच्या तरी मेहुण्याला गुण आलेली पुडी. देणाऱ्याची माया खोटी नसते. पण कच्च्या पानांचा वाटून काढलेला रस म्हणजे मातीतले जंतू उकळी न फुटता पोटात. आणि यकृत आधीच औषधांशी झगडत असतं. 2021 साली मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला झालेल्या इजेची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं ती मान्य केली नाही, वाद झाला. वाद कुणी का जिंको, किमो चालू असताना यकृताची चाचणी वर गेली तर पुढची सायकल, म्हणजे किमोची पुढची फेरी, लांबते, आणि मग डॉक्टरांना कळत नाही की हे औषधामुळे की काढ्यामुळे. काढा द्यायचाच असेल तर तो डॉक्टरांना सांगून द्यावा. लपवून दिलेल्या काढ्याइतकं अवघड निदान दुसरं नाही.

यानंतर जे येतं त्याला कुणी घाबरत नाही, आणि घाबरायचं तर त्यालाच. सातव्या दिवसाच्या सुमाराला बाई उठून बसते, चहा मागते, टीव्ही लावायला सांगते. घर सुटकेचा श्वास टाकतं. भेटणाऱ्यांना निरोप जातो, "आता बरी आहे, या." नेमक्या याच आठवड्यात, म्हणजे ढोबळमानानं सातव्या ते चौदाव्या दिवसात, पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असतात. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) 500 च्या खाली गेले की शरीर जंतूंशी लढूच शकत नाही; पू होत नाही, सूज येत नाही, घसा लालही दिसत नाही. एकच खूण उरते. ताप.

100.4. हा आकडा घरातल्या प्रत्येकाला पाठ हवा, मुलांनासुद्धा.

तापमान 100.4 फॅरेनहाइट म्हणजे 38 सेल्सिअस झालं, किंवा थंडी वाजून अंग थडथडलं, तर सकाळची वाट पाहायची नाही. पुढचं काम तासाभरात व्हायला हवं: हॉस्पिटल गाठणं, रक्त घेणं, शिरेतून अँटिबायोटिक सुरू होणं. आणि इथेच नेहमीची माया पुन्हा आडवी येते. अंग गरम लागलं की आपला हात आधी क्रोसिनकडे जातो. गोळीनं ताप उतरतो, आकडा सुधारतो, जंतू मात्र तिथेच असतात. म्हणून आधी मोजायचं, मग फोन, आणि गोळी डॉक्टरांनी सांगितल्यावर. मोजण्यातही गोम आहे. गरम चहा पिऊन लगेच तोंडात थर्मामीटर धरला तर खोटा ताप दिसतो. पंधरा-वीस मिनिटं थांबावं. तोंड आलेलं असेल तर काखेत, पण काखेतला आकडा तोंडापेक्षा साधारण एक डिग्रीनं कमी असतो हे धरून चालायचं. गुदद्वारात कधीच नाही. हाताच्या पालथ्या बाजूनं कपाळ बघणं हे प्रेम आहे, मोजमाप नाही. थर्मामीटरची जागा एकच ठेवावी, आणि त्याची बॅटरी किमोच्या आधीच बदलावी. रात्री अडीचला "थर्मामीटर कुठे ठेवलाय?" या प्रश्नाचं उत्तर घरातल्या कोणालाही झोपेतून देता आलं पाहिजे.

परळहून जळगावला, नांदेडला, सावंतवाडीला परत गेलेल्यांसाठी हे अधिक अवघड. किमो मुंबईत आणि ताप गावाला. म्हणून निघायच्या आधीच विचारून ठेवायचं: आमच्या जवळ रात्री शिरेतून अँटिबायोटिक कुठे मिळेल? एक छोटं पत्र लिहून घ्यायचं, त्यात औषधाचं नाव, किमोची तारीख आणि ताप आल्यास काय द्यायचं ते. तालुक्याच्या ठिकाणचा डॉक्टर हुशार असतोच, पण रात्री दोन वाजता दारात आलेल्या तापाला तो साधा ताप समजू शकतो. पत्राचा फोटो दोघांच्या मोबाइलमध्ये. फाइल आणि चार्जर एका पिशवीत, दाराजवळ. काउंट वाढवायचं इंजेक्शन दिलं असेल तर ते बर्फाच्या डब्यातून आणायचं, फ्रिजमध्ये ठेवायचं, पण फ्रीझरमध्ये नाही. गोठलं की वाया. त्या इंजेक्शननं कंबर, मांड्या, छातीचं हाड ठणकतं. हाडांचा मगज कामाला लागल्याचं ते दुखणं असतं. आधी सांगितलं नाही तर प्रत्येकाच्या मनात एकच शंका येते, की रोग हाडांत गेला.

याच आठवड्यात तोंड येतं. इथे औषधाच्या दुकानापेक्षा स्वयंपाकघर जास्त उपयोगी. एक लिटर उकळून निवलेलं पाणी, त्यात एक चमचा मीठ, एक चमचा खाण्याचा सोडा. चमचा म्हणजे चहाचा, सपाट. बेकिंग पावडर नव्हे, ती वेगळी. दर चार तासांनी आणि प्रत्येक खाण्यानंतर गुळण्या, गिळायचं नाही, रोज नवं पाणी करायचं. तोंड यायच्या आधीपासून सुरू केलं तर जास्त उपयोग. चट्टे पडल्यावर माणूस गुळणीलाही तयार होत नाही. दुकानातले झोंबणारे माउथवॉश बंद, त्यात अल्कोहोल असतं. लहान मुलांचा मऊ ब्रश. पांढरा थर दिसला तर ती बहुधा बुरशी, तिला वेगळं औषध लागतं, म्हणून रोज टॉर्च लावून कुणीतरी तोंडात बघायचं. हे काम मुलगे टाळतात आणि सुना करतात, असं सर्वत्र दिसतं. असो.

एकाचं पथ्य दुसऱ्याला लावू नये, याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे बर्फ. फ्लुओरोयुरॅसिल या किमोच्या औषधाचं इंजेक्शन एकदम शिरेत देतात तेव्हा, पाच मिनिटं आधीपासून अर्धा तास तोंडात बर्फ चघळला तर तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध तिथे कमी पोचतं आणि चट्टे कमी येतात. आणि ऑक्सॅलिप्लॅटिन? तिथे बर्फ म्हणजे छळ. हे औषध घेतल्यावर काही दिवस गारवा सहन होत नाही. फ्रिजचं दार उघडायला हात लावला तर बोटांत सुया टोचतात, माठातलं पाणी प्यायल्यावर घसा आवळल्यासारखा होतो आणि श्वास अडकल्याचा भास होतो. आतड्याच्या कर्करोगाच्या काही रुग्णांना ही दोन्ही औषधं एकत्रच दिली जातात, तेव्हा बर्फाचा सल्ला बाद. शेजारच्या खाटेवरची बाई सांगते, "मला बर्फानं बरं वाटलं," आणि मुलगा धावत बर्फ आणतो. पलंगाशी थर्मासमध्ये कोमट पाणी, फ्रिजमधलं काढून देण्याचं काम दुसऱ्याकडे, आणि डिसेंबरमध्ये पुण्या-नाशिकच्या नळाखाली हात धुताना हातमोजे. एवढं केलं की तो आठवडा निभावतो.

हात लावावा की नाही, ही भीती अजून घराघरांत आहे. किमो घेतलेल्या आजीच्या मांडीवर नातवाला बसू देत नाहीत, ताट-वाटी वेगळी ठेवतात. नातवाला सर्दी-खोकला असेल तर दूर ठेवावं, पण ते आजीसाठी, नातवासाठी नाही. मिठी मारल्यानं, एका पलंगावर झोपल्यानं, पाय चेपल्यानं काही होत नाही. खरी काळजी लघवी, शौच आणि उलटीची, तीही साधारण अठ्ठेचाळीस तास. झाकण लावून दोनदा फ्लश. भारतीय संडास असेल तर भरपूर पाणी, सावकाश, उडू न देता. उलटीचं भांडं, माखलेली चादर हाताळताना हातमोजे, कपडे वेगळे धुवायचे, मग हात साबणानं. घरात गरोदर सून असेल तर हे काम तिच्याकडे नको. बस, इतकंच. बाकी अस्पृश्यता आपण आपल्या मनानं वाढवलेली.

केसांबद्दल सगळेच लिहितात, म्हणून थोडक्यात. पहिल्या किमोनंतर दोन-तीन आठवड्यांत उशीवर पुंजके दिसतात, आणि त्याआधी टाळू दुखते, केसांना हात लावला तरी. आधीच बारीक कापून घेतले तर दुखणं आणि पसारा दोन्ही कमी. पण आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायकांच्या डोळ्यांत केस जाण्याची भीती वेगळीच असते, आणि मला वाटतं त्याचं मूळ किमोत नाही. केशवपनाविरुद्ध मुंबईच्या नाभिकांनी 1890 साली संप केला, त्याला सव्वाशेहून जास्त वर्षं झाली. तरी नवरा हयात असताना डोकं बोडकं होणं म्हणजे अभद्र, हे कुठेतरी आत बसलेलं आहे. "केसांचं काय एवढं, परत येतील" हे वाक्य बरोबर असूनही तिथे पोचत नाही. सुती रुमाल बांधून द्यावा, आरशाची जागा विचारून बदलावी, आणि कुंकू लावायचं असेल तर लावून द्यावं.

मुंग्या येणं मात्र सगळे हसण्यावारी नेतात. पॅक्लिटॅक्सेलसारख्या किमोच्या औषधांनी बोटांची टोकं आणि तळवे बधिर होतात. ब्लाउजचे हूक लागत नाहीत, मंगळसूत्राची कडी सापडत नाही, चपला पायातून निसटल्या तरी कळत नाही, चालताना बाई तशीच पुढे निघून जाते. तव्याचा चटका लागतो आणि फोड आल्यावर दिसतो. म्हणून मागे पट्टा असलेल्या चपला, हुकांऐवजी टिचबटणं किंवा चिकटपट्टी, आंघोळीचं पाणी दुसऱ्या कुणी हात घालून बघायचं, आणि तव्यापासून सुट्टी. हे डॉक्टरांना सांगायलाच हवं. डोस कमी करायचा की थांबवायचं हे त्यावर ठरतं. बायका सांगत नाहीत, कारण औषध कमी केलं तर आजार परत येईल अशी धास्ती. नवऱ्यानं किंवा लेकीनं ओपीडीत तोंड उघडायचं ते इथे: "हिला चार दिवस झाले, बटण लावता येत नाही."

स्वभावाचंही सांगून ठेवतो. डेक्सामेथासोनच्या दिवसांत डोळा लागत नाही, साखर वाढते, चेहरा लालबुंद होतो आणि माणूस चिडतो. रात्री तीनला कपाट आवरायला काढतो. गोळ्या संपल्या की दोन दिवस पार कोसळतो, रडतो. "इतकं करतोय तरी बोलतेच," असं वाटून घेऊ नये. ती तीन दिवसांची गोळी बोलत असते. मधुमेह असेल तर या दिवसांत साखर रोज तपासावी. थकवा मात्र गोळीचा नाही, आणि झोपून जात नाही. उलट दिवसभर पडून राहिलं तर वाढतो. घरातल्या घरात, कुणाचा तरी हात धरून दहा मिनिटं, दिवसातून दोनदा चालणं हे त्यावर बऱ्यापैकी चालणारं औषध आहे. मात्र ताप, दम लागणं किंवा चक्कर असेल तेव्हा नाही.

हे सगळं एका माणसानं करायचं नसतं. पण आपल्याकडे ते आपोआप एकाच बाईवर येऊन पडतं. वाटून घेता येतं. एकानं फोन सांभाळायचे. रोज संध्याकाळी ग्रुपवर दोन ओळी, म्हणजे वीस जणांना वीस वेळा तेच सांगावं लागत नाही, आणि "पॉझिटिव्ह राहा" म्हणणाऱ्यांना परस्पर उत्तर मिळतं. एकानं रांगा, बिलं, महात्मा फुले योजनेचे कागद आणि रेल्वे सवलतीचा दाखला. स्लीपर आणि एसी थ्री-टियरला रुग्णाचं तिकीट माफ असतं, सोबत्यालाही सवलत मिळते, तरी कितीतरी जण पूर्ण भाडं भरून येतात. एकानं वही लिहायची. शंभर पानी, शाळेची. तारीख, किमोचा कितवा दिवस, ताप सकाळ-संध्याकाळ, किती पाणी, किती वेळा उलटी, शौच, वजन आठवड्यातून एकदा, आणि जे काही नवं वाटलं ते. पुढच्या किमोआधी रक्त तपासतात. न्यूट्रोफिल किंवा प्लेटलेट पुरेसे नसतील तर सायकल आठवडाभर पुढे जाते, आणि घरचे हिरमुसतात, आम्ही खायला घालण्यात कमी पडलो म्हणून. नाही. काउंट खाण्यानं एका रात्रीत वाढत नाहीत, आणि कमी झाले म्हणून कुणी दोषी नसतं.

शेवटच्या किमोनंतर पेढे वाटले जातात, ग्रुप शांत होतो, गावाहून आलेली बहीण परत जाते. बधिर बोटं मात्र महिनोन् महिने तशीच राहतात, थकवा लगेच ओसरत नाही, आणि काउंट शेवटच्या सायकलनंतरही सातव्या ते चौदाव्या दिवसात तसेच तळाला जातात. तेव्हा पेढ्यांच्या दिवशी थर्मामीटर कपाटात टाकू नये. छातीत पोर्ट (शिरेत औषध सोडण्यासाठी कातडीखाली बसवलेली छोटी डबी) बसवलेला असेल तर तो काढेपर्यंत चार ते सहा आठवड्यांनी धुवून घ्यावा लागतो, नाहीतर आत गुठळी होऊन बंद पडतो. दहा मिनिटांचं काम, पण त्यासाठी परळपर्यंत जायचं, फाइल काढायची, नंबर लावायचा. तारखा कॅलेंडरवर आत्ताच मांडाव्यात, आणि कोणत्या तारखेला बरोबर कोण जाणार, ते नाव त्याच चौकोनात लिहावं.